आमेन होईपर्यंत

बाळांनो, दर रविवारी फोनवर तुम्ही विचारता, "आजी, या आठवड्यात बायबलमधून काय शिकलीस?" आणि मी काहीतरी नीटनेटकं सांगते. या आठवड्याचं तोंडी सांगवणार नाही, म्हणून लिहिते आहे. अक्षर चालवून घ्या.

माझं वाचन सकाळी साडेसहाला. मागच्या गल्लीत कापडाचे लूम चालू असतात. त्या खडखडाटात मनातल्या मनात वाचलेलं डोक्यात शिरत नाही, म्हणून मी मोठ्याने वाचते. रोज तीन अध्याय, एकही ओळ न गाळता. मग प्रार्थना, मग आमेन. तोपर्यंत घरात कोणी बोलायचं नाही. लग्न होऊन भिवंडीत आले तेव्हापासूनचा हा नियम.

आपल्याकडे कामाला येणारी बाई तुम्ही पाहिली आहे. मूळची अंबाडीपलीकडच्या पाड्यावरची, आता नारपोलीत भाड्याच्या खोलीत राहते. तिचे देव वेगळे, माझा वेगळा. त्यावरून आमचं कधी वाजलं नाही. तिच्या खोलीचे पत्रे गळतात, त्यामुळे त्यांचे सगळे कागद माझ्या कपाटात असतात. आधार, रेशन कार्ड, आणि तिच्या पोटुशी लेकीची दवाखान्याची फाईल. प्रत्येकाला वेगळं पाकीट, वर चिठ्ठी. मला त्या कपाटाचा फार अभिमान होता.

मंगळवारी बायबलमधल्या इतिहासाच्या पहिल्या पुस्तकातली वंशावळ चालली होती. अमक्याचा मुलगा तमका, त्याचा मुलगा आणखी कोणी. पानंच्या पानं नुसती नावं. पुष्कळ लोक तो भाग सोडून देतात. मी सोडत नाही. दार लोटलेलं होतं, ते हलल्यासारखं वाटलं. डोळ्याच्या कोपऱ्यातून तिचं लुगडं दिसलं. आज लवकर आली, एवढंच मनात आलं. बाहेर कोणीतरी रिक्षाचा हॉर्न सारखा वाजवत होतं. शेजाऱ्यांकडे पाहुणे आले असतील, लोकांना सकाळची शांतता म्हणून कळत नाही, असं म्हणून मी आवाज चढवला.

आमेन म्हटलं आणि चष्मा काढून वर पाहिलं. ती चपला बाहेर काढून उंबऱ्याशी उभी होती. पदर रक्ताने भिजलेला.

"बाई, फाईल द्या. पोरगी रिक्षात हाय. लई रक्त जातंय."

"अगं, कधीपासून उभी आहेस?"

"तुमी ती नावं घेत व्हत्या, तवापासून."

मी घड्याळाकडे पाहिलं. पाव तास तरी झाला होता.

मी होते तशी गाऊनवर, फाईल घेऊन धावले. रिक्षावाला माझ्यावर ओरडला, "अम्मा, हो गई पूजा? इधर लड़की मर रही है!" त्या मुलीचे ओठ पांढरे पडले होते. महिने भरायला अजून अवकाश होता. तिचं डोकं आईच्या मांडीवर, पाय माझ्या मांडीवर. खड्ड्याखड्ड्याला ती कण्हायची आणि आई म्हणायची, "आलाच बघ दवाखाना, आलाच."

तिथे फाईल कोणी मागितलीसुद्धा नाही. स्ट्रेचरवर घेतलं आणि आत नेलं. कागद मागाहून दाखवले तरी चालले असते. हे तिला कोणी सांगितलं नव्हतं. मीच सांगत आले होते, कागदाशिवाय काही होत नाही म्हणून.

दोन तासांनी डॉक्टरीणबाई बाहेर आल्या. आई वाचली, मुलगी झाली, पण वजन फार कमी, काचेच्या पेटीत ठेवावी लागेल. मी त्यांना बाजूला घेऊन विचारलं, "पंधरा मिनिटं आधी आणलं असतं तर?"

"अशा वेळी पंधरा मिनिटं खूप असतात, आजी," त्या म्हणाल्या. आणि पुढच्या पेशंटकडे गेल्या.

मी बाकावर येऊन तिच्या शेजारी बसले. "तू मला हाक का नाही मारलीस?"

तिने माझ्याकडे असं पाहिलं, जणू मीच वेडी झाले आहे. "तुमीच बोललेल्या ना बाई? पयल्याच दिवशी. देव बोलतो तवा मधी बोलायचं न्हाय."

"अगं, देव असा नसतो गं. चुकलं माझं. मला माफ कर."

"माफी काय मागताय, शिस्टर बगतेय," ती ओशाळून म्हणाली. "चा आणू का तुमाला? तोंड बगा कसं झालंय तुमचं."

तिची लेक आत होती, नात पेटीत होती, आणि ती मला चहा विचारत होती.

आज शनिवार. बाळ अजून पेटीत आहे, पण दूध पचू लागलंय म्हणतात. मी रोज दुपारी जाऊन बसते.

काल हे सगळं तुमच्या बाबांना सांगितलं. वाटलं होतं तो म्हणेल, आई, तुझी काय चूक. पण तो म्हणाला, "आई, आम्हीपण थांबायचो. माझं बोट दारात चेंगरलं होतं ना, नख गेलं होतं? तुझं आमेन होईपर्यंत मी मोरीत तोंडात टॉवेल कोंबून बसलो होतो."

त्याच्या बोटाला पट्टी बांधल्याचं मला आठवतं. तो त्याआधी किती वेळ मोरीत बसला होता, हे मी त्याला कधी विचारलंच नव्हतं.