दोघींचं झालं की निघते

मेलेल्या माणसाला थंडी वाजत नाही, असं मावशीला कुणी सांगितलेलं चालत नसे. "तू मरून बघितलंस काय?" असं ती विचारायची आणि पाण्यात कोपर बुडवून म्हणायची, "अजून एक तपेली ऊन पाणी घाल." तान्ह्या बाळाचं पाणी बघावं तसं ती मयताच्या आंघोळीचं पाणी कोपराने बघायची. ठाण्यातल्या आम्हा बेने इस्राएल, म्हणजे मराठी ज्यू, बायकांपैकी कुणी गेली, की तिला न्हाऊ घालून पांढरे कपडे चढवायचं काम मावशीचं. तिचं खरं नाव लेआबाई. आमच्या चरई भागातली पोरं तिला कोमटमावशी म्हणत. तिला ते ठाऊक होतं आणि तिची त्याला काही हरकत नव्हती.

मी लग्न होऊन अलिबागकडच्या खेड्यातून ठाण्याला आले, तेव्हा देश नुकताच स्वतंत्र झाला होता. आमचे हे पोस्टात होते. वर्ष-दीड वर्षात सासूबाई गेल्या. घर बायकांनी भरलं, सगळ्या रडत होत्या आणि मी चुलीपाशी पाणी तापवत बसले होते. मला रडू येत नाही. लहानपणापासून येत नाही. माझे वडील गेले तेव्हाही आलं नव्हतं आणि त्यावरून आमच्या गावात मला दगड म्हणत. मावशीने दारातून माझ्याकडे एकदा पाहिलं आणि म्हणाली, "तू चल गो माझ्याबरोबर आत. ह्या सगळ्या रडून झाल्या की येतील, तोवर तिला ताटकळत ठेवायची काय?" माझ्या कोरडेपणाला कुणीतरी गुण समजलं, असं ते पहिल्यांदाच घडलं. त्या दिवसापासून मावशीच्या हाताखाली दुसरी म्हणून मी.

मयताचे कपडे ती स्वतः शिवायची. पातळ पांढरं कापड, मोठे टाके, आणि दोऱ्याला कुठेही गाठ नाही. आमच्यात तशी रीतच आहे. गेलेल्या माणसाला गाठीत अडकवायचं नाही. मी एकदा सवयीने दोऱ्याच्या टोकाला गाठ मारली, तर तिने सगळी शिवण उसवायला लावली. अंगावर बोलली मात्र नाही. म्हणाली, "जिवंतपणी काय कमी गाठी असतात?" आणि पुन्हा सुई ओवून दिली.

न्हाऊ घालताना ती बोलायची. वयाने मोठी असेल तिला बाई, लहान असेल तिला पोरी. "आता कुशीवर वळवते हां." "केस विंचरते, ओढलं तर सांग." एकदा आमच्या हज्जानसाहेबांनी, म्हणजे मशिदीत प्रार्थना चालवायचे त्यांनी, तिला समजावलं, की लेआबाई, अशा वेळी बोलू नये. सिनेगॉगला आम्ही तेव्हा मशीदच म्हणायचो. मावशीने सगळं ऐकून घेतलं. "मी कुठे बोलते? मी विचारते," ती म्हणाली. हज्जानसाहेबांच्या बायकोलाही पुढे तिनेच न्हाऊ घातलं, विचारत विचारत.

पण ह्या कामाची एक किंमत होती आणि ती मावशी मुकाट्याने देत होती. लग्नघरी नवरीला मेंदी लागायची, तेव्हा ती मागच्या चुलीशी नारळाचं दूध पिळत बसायची. तिला कुणी तसं सांगितलं नव्हतं. कुणी बोलावलंही नव्हतं म्हणा. तान्हं मूल तर ती हातात घेतच नसे. माझी थोरली झाली तेव्हा ती बघायला आली, दोन्ही हात पदराखाली घालून बसली आणि लांबूनच म्हणाली, "नाक सासूचं आलंय गो." मी पोर पुढे केली तर एवढी मागे सरकली, की पाठ भिंतीला लागली. "माझे हात नकोत तिला," म्हणाली. मी आग्रह केला नाही.

तिच्या दोन जुन्या मैत्रिणी होत्या, सगुलाबाई आणि रिबकाबाई. सगुलाबाई चरईतच राहायच्या. जीभ तिखट, गुडघे गेलेले. रिबकाबाई अगदी गरीब स्वभावाच्या, रेल्वेतल्या मुलाकडे कल्याणला असायच्या. फार पूर्वी, तिघी तरुण असताना, कुणाच्या तरी मयताहून परतताना ह्या दोघींनी मावशीकडून शब्द घेतला होता, की आम्हाला तूच न्हाऊ घालायचंस, दुसऱ्या कुणी हात लावायचा नाही. तिशीतल्या बायका असलं काहीबाही बोलून जातात आणि विसरतात. ह्या तिघी विसरल्या नाहीत.

मग इस्राएलला जायचे वारे सुरू झाले. दर महिन्याला कुणाच्या तरी घरची भांडी वाटली जायची, कुणाच्या तरी ट्रंकेत मसाला आणि आमसुलं भरली जायची. मावशीचा एकुलता एक मुलगा बेन्यामीन, सगळे त्याला बेन्या म्हणत, बायकोला घेऊन निघाला. जाणाऱ्यांच्या यादीत आईचं नावही त्याने घातलं होतं. निघायच्या वेळी मावशी म्हणाली, "तू हो पुढे. दोघींचं झालं की मी निघते."

"दोघींचं काय व्हायचंय, आई?" बेन्याने विचारलं. त्याला खरंच कळलं नव्हतं.

"काय व्हायचं असतं माणसाचं शेवटी?"

"अगं, म्हणजे त्या मरायची वाट बघत बसणार तू?"

"वाट नाही बघत. शब्द दिलाय," मावशी म्हणाली आणि त्याच्या डब्यात चिकाच्या हलव्याच्या वड्या भरू लागली.

पुढच्या वर्षी बेन्याला मुलगा झाला. फोटो आला, तो मावशीने माझ्याकडे आणला. आम्ही दोघींनी तो पुष्कळ वेळ पाहिला. मग ती एकदम म्हणाली, "ह्याला मात्र मी घेईन हां." मी फोटो तिच्या हातात परत दिला. "तिकडं मला कोण ओळखतंय? तिकडं मी नुसती आजी." एवढं बोलून तिने फोटो पदराने पुसला. तिला इस्राएलची भूमी, यरुशलेम, ह्यातलं काही नको होतं. जिथे आपले हात कुणाला ठाऊक नाहीत अशा ठिकाणी जाऊन तिला एक मूल मांडीवर घ्यायचं होतं. आणि त्याआधी दोन मैत्रिणी मरायला हव्या होत्या. त्या मराव्यात असं मात्र तिला वाटत नव्हतं. मी तिच्याइतकी चांगली नाही. मला एकदोनदा वाटलं होतं.

महिन्यातून एकदा ती रिबकाबाईंना बघायला कल्याणला जायची. सोबत मी. रिबकाबाई अंथरुणाला खिळल्या होत्या. मावशीला पाहिलं की त्यांचा चेहरा फुलायचा. सुनेचा मात्र उतरायचा. आम्ही पायऱ्या चढतोय न चढतोय तोच ती वरून म्हणायची, "बऱ्या आहेत हो आई! अगदी छान आहेत! कालच पातळ भात खाल्ला!" मावशी म्हणायची, "ऐकून बरं वाटलं," आणि ते खरं असायचं. मग ती रिबकाबाईंच्या उशाशी बसून मऊ भात कालवून भरवायची. ज्या बाईचं आयुष्य संपलं तर आपण मोकळ्या होऊ, तिला घास घास भरवून जगवणारी दुसरी बाई मी पाहिलेली नाही.

रिबकाबाई नव्याच्या सणानंतर, म्हणजे आमचं नवं वर्ष लागल्यावर, गेल्या. मावशीने त्यांना न्हाऊ घातलं, नेहमीसारखंच बोलत. "आता डोक्यावरून घेते हां, रिबके." मी तांब्या देत होते. ठाण्याला परतल्यावर घरी न जाता ती थेट सगुलाबाईंकडे गेली. सगुलाबाई खाटेवर पाय पसरून बसल्या होत्या.

"झालं रिबकीचं?" त्यांनी विचारलं.

"झालं."

"म्हणजे आता माझ्यावर डोळा."

"असं नको बोलूस गो."

"का नको? मी मरेपर्यंत थांब असं म्हटलं होतं मी. लौकर मरेन असं नव्हतं म्हटलं!" आणि मग आवाज जरा खाली आणून त्या म्हणाल्या, "जा तू, लेआ. तुझा नातू चालायला लागला असेल. मी मोकळी केली तुला. मला काय, कुणीही घालील आंघोळ."

"तोंडानं मोकळी केलीस," मावशी म्हणाली. "छातीत धडधडलं की निरोप कुणाला धाडतेस?"

सगुलाबाईंनी तोंड भिंतीकडे वळवलं. छातीत धडधडलं की त्या मावशीलाच बोलवायच्या, हे सगळ्या चरईला माहीत होतं. पोटचे दोन मुलगे घरात असून त्यांना मावशी यायला हवी असे. वरून कितीही तिखट असल्या तरी त्यांना मरणाची भीती वाटायची, आणि आपल्याला न्हाऊ घालणारी जवळ बसली की ती जरा कमी होई. हे मला विचित्र वाटायचं. आता वाटत नाही.

असंच आणखी दीडेक वर्ष गेलं. बेन्याची पत्रं यायची, "आई, निघालीस का?" मावशी मला उत्तर लिहायला सांगायची, "सगुलाची तब्येत चांगली आहे." ह्या एका वाक्यात बेन्याला काय ते कळत असणार. दरम्यान आमचंही ठरलं. ह्यांचा मोठा भाऊ तिकडे गेला होता, त्याने सगळी व्यवस्था केली होती. कागदपत्रं तयार झाली, ट्रंका आल्या. मावशीला सांगितलं तर म्हणाली, "चांगलं झालं. बेन्याला भेट. पोराचा माझ्या नावाने मुका घे."

बिरड्याच्या रोजाच्या आदल्या दुपारी मावशी गेली. त्या उपासाला आमच्यात वालाचं बिरडं लागतं. सूप मांडीवर घेऊन मावशी मोड आलेले वाल सोलत भिंतीला टेकून बसली होती. शेजारीण मीठ मागायला आली, तर मावशीचा हात वालांतच होता आणि मान कलली होती. दुखणं नाही, खुपणं नाही. अर्धे वाल सोलून झाले होते.

मला बोलावणं आलं. मी गेले. चूल पेटवली, पाणी ठेवलं, कापड बेतायला घेतलं. वाईट वाटतंय हे कळत होतं, पण ते शेजारच्या घरात कुणाला तरी वाटतंय असं वाटत होतं. हात आपलं काम करत होते. हाताखाली दुसरी कुणीतरी हवी होती, तेवढ्यात बाहेर गलका झाला. सगुलाबाईंचे दोन मुलगे त्यांना खुर्चीत बसवून, खुर्ची उचलून घेऊन आले होते.

"मला आत ठेवा आणि चालते व्हा," त्या मुलांना म्हणाल्या.

त्यांना पाटावर बसवलं, पण त्यांच्याने तांब्या उचलवेना. मग त्यांनी मावशीचा उजवा हात आपल्या मांडीवर घेतला आणि एकेक नख साफ करू लागल्या. वालाची सालं नखांत बसली होती. बाकी सगळं मी केलं. मध्येच त्या मावशीला म्हणाल्या, "फसवलंस मला." थोड्या वेळाने पुन्हा तेच, "फसवलंस गो." मी पाणी घालत होते. मला बोलायची सवय नव्हती, पण कुशीवर वळवताना तोंडातून आपोआप गेलं, "मावशी, आता वळवते हां." त्या वेळी माझा आवाज मलाच ओळखू आला नाही.

कपडे चढवून झाले. बाहेर पुरुष तिष्ठत होते. मी दार उघडायला वळले तर सगुलाबाईंनी माझा पदर धरला. त्या तिखट बाईच्या तोंडाकडे मी पाहिलं. तिथे तिखट काहीही उरलं नव्हतं.

"आता माझं काय गो?" त्यांनी विचारलं.

घरी ट्रंका भरलेल्या होत्या. थोरलीला नवे बूट आणले होते. हे सगळं मला त्या क्षणी आठवत होतं, विसरले होते असं नाही. मी फार विचार केला असंही नाही. मला रडू येत नव्हतं, भीती वाटत नव्हती, काहीच होत नव्हतं. नुसतं म्हटलं, "मी आहे."

त्या रात्री ह्यांना सांगितलं. त्यांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा घातला. ते रागावतील असं वाटलं होतं, तसे ते रागावलेही, पण दुसऱ्या दिवशी. त्या रात्री त्यांनी फक्त विचारलं, "किती दिवस?"

"सगुलाबाईंचं होईपर्यंत."

सगुलाबाई पुष्कळ जगल्या. त्यांनी दोन नातसुना पाहिल्या, दोघींशी भांडल्या. वागळे इस्टेटीत कारखाने उभे राहिले, माझी थोरली मॅट्रिक झाली, ह्यांच्या भावाने पत्रातून विचारायचंही सोडलं. सगुलाबाईंच्या छातीत धडधडलं की त्यांचा नातू मला बोलवायला यायचा आणि मी जायचे. शेवटी एका सकाळी त्या खरंच गेल्या. मी त्यांना न्हाऊ घातलं, कपडे चढवले, घरी येऊन हात धुतले. हे ओट्यावर बसले होते. केस पिकले होते त्यांचे. म्हणाले, "झालं ना? आता निघायचं?"

मी पदराला हात पुसले. तोवर मी आणखी दोघींना शब्द देऊन बसले होते.