चतुराबाईचं कोरडं तोंड

दुष्काळाच्या दुसऱ्या वर्षी गावात दोनच ठिकाणी पाणी उरलं होतं: चतुराबाईच्या विहिरीत आणि तिच्या दिराच्या डोळ्यांत. तिचा नवरा ग्यानोबा वारला तेव्हा हा धाकटा दीर, भुजंग, सरणापाशी असा काही हंबरला की परगावचे पाहुणे त्यालाच धरून बसले. आणि तेराव्याच्या पंगती उठायच्या आत हाच भुजंग विहिरीत दोरी सोडून पाणी किती उरलंय ते बघून आला. दोरी ओली निघाली तसे डोळे कोरडे झाले.

ज्या बाईच्या तोंडाला अहमदपूरच्या बाजारातले व्यापारी टरकायचे, ती चतुराबाई भिंतीकडे तोंड करून पडून राहिली. पुढ्यातली भाकरी वाळून जायची. मूलबाळ नव्हतं, विचारणारं कुणी नव्हतं. भुजंगची बायको कोंडाबाई मात्र रोज उंबऱ्याशी यायची.

"आज बी खाल्लं न्हाई का अक्कानं?"

शेजारणीच्या तोंडून "न्हाई" ऐकलं की ती अशी तृप्त होऊन परत जायची, जणू ती भाकरी तिनंच खाल्ली.

शेवटी माहेरचा भाऊ केरबा आला. नांदेडला एसटीच्या वर्कशॉपात होता. त्यानं बहिणीला उचललं तसं गाडीत घातलं आणि नांदेडला मनाच्या आजाराच्या डॉक्टरपुढं नेऊन बसवलं. डॉक्टरांनी खूप वेळ ऐकून घेतलं आणि गोळ्या लिहून दिल्या.

"ही येड्याची दवा हाय का?" चतुराबाईनं कित्येक दिवसांत पहिल्यांदा तोंड उघडलं.

"नाही. मन खचतं, त्याची आहे. गुण यायला दोन-तीन आठवडे लागतील. तोवर तोंडाला कोरड पडेल, गुंगी येईल, पोट साफ होणार नाही. झटकन उठायचं नाही, चक्कर येते. आणि मला विचारल्याशिवाय गोळ्या बंद करायच्या नाहीत."

"म्हंजे रोग एक अन् दवेचे चार."

डॉक्टर हसले. "भांडायला लागलात. येईल गुण."

गुण आला. महिनाभरात चतुराबाई उठली, न्हाली, जेवली आणि दारातून कोंडाबाईला म्हणाली, "काय बघतीस गं? जिती हाय. जा, नवऱ्याला सांग."

पण कोरड काही गेली नाही. तोंडात सदा ज्वारीचं पीठ भुरभुरल्यागत व्हायचं, जीभ टाळूला चिकटायची. मग ती गालात चिंचोका धरून चघळत राहायची आणि तांब्यावर तांब्या पाणी प्यायची. गावात टँकर आला तर आला, लोक आंघोळ विसरलेले. अशा गावात कुणी घटाघटा पाणी पिणं म्हणजे उपाशी माणसांसमोर तुपाची धार धरणं.

खरं तर तिची विहीर तिनं साऱ्या गावाला मोकळी केली होती. अट एकच. पहाटे रांग, प्रत्येकाचा नंबर तिनं सांगायचा, घरटी दोन घागरी. ज्यानं तिसरी चोरून भरली त्याचा नंबर दुसऱ्या दिवशी शेवटी. शेवटी म्हणजे गाळ. वरून काठावर बसून, चिंचोका चघळत, ती सगळ्यांच्या घागरींवर नजर ठेवायची. कोंडाबाईनं पदराआड तिसरी घागर नेली आणि भुजंगच्या घरात गाळाचं पाणी आलं. भुजंगला ते गाळापेक्षा जास्त खुपलं.

त्यात लातूर जिल्हा झालेला. पूर्वी जिल्ह्याच्या कोर्टात जायचं तर उस्मानाबाद गाठावं लागे, आणि निम्म्या लोकांचा राग वाटेतच निवायचा. आता सकाळच्या गाडीनं निघून दुपारी भावकीच्या गळ्याला फास लावता येऊ लागला. पाऊस पडला नाही, पण लातुरात वकील मात्र मायंदाळ उगवले.

तर चतुराबाईच्या दारात बेलीफ आला. भुजंगचा अर्ज होता. वहिनी वेडी झाली आहे, वेडाच्या गोळ्या खाते, दिवसभर पाणी पिते, स्वतःशी पुटपुटते, सबब तिची जमीन व विहीर सांभाळायला कोर्टानं आपल्याला नेमावं. इंग्रजांच्या काळापासूनचा तसा कायदा होता म्हणे. वेडा ठरला की माणसाचं नाव सातबाऱ्यावर नुसतं शोभेला, कारभार दुसऱ्याचा.

चतुराबाईनं शिवमूर्ती वकील धरला. याच्या कोटाला काळा म्हणणं ही दयाच होती. त्याच्या ज्ञानाला ज्ञान म्हणणं ही त्याहून मोठी दया.

"बाई, पहिलं काम, गोळ्या बंद," तो पान लावता लावता म्हणाला. "गोळी कबूल म्हंजे निम्मं वेड कबूल. कोर्टात उभ्या राहाल तेव्हा अंगात गोळी नको."

"डाक्टर तर बंद करू नको म्हणला."

"डाक्टरला कायदा कळतो का?"

तुला तरी कळतो का, हे तिच्या ओठांवर आलं होतं. पण विहीर जायच्या भीतीनं तिनं एवढ्या एकदाच जीभ आवरली. गोळ्या चुलीत टाकल्या.

चार दिवसांत घाम सुटू लागला. मळमळ, हातापायांना मुंग्या, डोळ्याला डोळा लागेना. मग जुनं खचणं परत आलं. एका पहाटे रहाटावर कुणाची घागर कलंडली आणि चतुराबाई सांडलेल्या पाण्याकडं बघून हमसून हमसून रडली. रांगेतल्या दोघी तिला धरायला पुढं झाल्या. कोंडाबाईनं मात्र घागर तिथंच टाकली आणि घराकडं अशी धावली, जणू मुलगा झाल्याची बातमी सांगायची होती.

केरबा कळल्याबरोबर आला.

"अक्का, बंद करायला कुणी सांगितलं?"

"वकिलानं."

"झकास. पुढच्या येळी ताप आला की जजाकडून सुई टोचून घे. चल."

नांदेडला डॉक्टर चांगलेच तापले. बंद पडलेल्या गोळ्या थोड्या थोड्या करून परत चालू केल्या. या बाईला उदासीचा आजार आहे, उपचार चालू आहेत, व्यवहार नीट कळतो, असा दाखला दिला. चतुराबाईनं तो ब्लाउजात ठेवला आणि लातूरच्या कोर्टाच्या व्हरांड्यात शिवमूर्तीला दाखवला. त्याचं पान गालातच थांबलं.

"हे काढू नका बाई! गोळीचं विचारलंच तर 'आठवत न्हाई' म्हणा."

"आठवत न्हाई म्हणणारी बाई शहाणी ठरती व्हय तुमच्या कोर्टात?"

पिंजऱ्यात ती कठडा धरून उभी राहिली. भुजंगच्या वकिलानं गोळ्यांचं रिकामं पाकीट नाटकी हातानं वर धरलं.

"बाई, हे तुमचंच ना?"

"माझंच. पर तुमच्यापाशी कसं आलं? मी तर उकिरड्यात टाकलं होतं."

"विचारलं तेवढंच सांगा!"

"सांगितलं की. जावेनं आणलं असंल. कोंबडीला उकिरडा उकरायची सवय असती."

मागं कोंडाबाईनं पदर तोंडावर ओढला. जजसाहेबांनी टेबल वाजवलं. भुजंगच्या वकिलानं पुढं विचारलं,

"तुम्ही दिवसभर पुटपुटता. कुणाशी?"

"चिंचोक्याशी." तिनं गालातला चिंचोका तळहातावर काढला. "गोळीनं तोंड कोरडं पडतं, म्हणून चघळते. हा दाखला, डाक्टरचा. अन् साहेब, थोडं पाणी मिळंल का?"

पट्टेवाल्यानं तांब्या दिला. साऱ्या कोर्टासमोर तिनं तो रिकामा केला. दाखला वाचून जजसाहेब भुजंगकडं वळले.

"तुम्हाला बाईंचं वेड कशात दिसतं?"

"साहेब, लई भ्या वाटतंय हिचं. जवळ बसायचा बी धीर न्हाई. कवा काय करंल नेम न्हाई."

"काय केलं?"

"सख्ख्या दिराचं घर हाय आमचं, अन् आम्हाला नंबर शेवटचा. गाळ पिऊन राहिलो आम्ही!"

"शेवटचा का?"

"एक घागर ज्यादा घेतली म्हणून."

"आणि दुसऱ्या कुणी घेतली तर?"

"त्याला बी शेवटचा. पुजाऱ्याला सोडलं न्हाई, सरपंचाला सोडलं न्हाई."

"म्हणजे सगळ्यांना एकच न्याय?"

"हाव साहेब!" भुजंग उसळून म्हणाला. "तेच तर येड हाय!"

कोर्टात हशा पिकला. भुजंगच्या वकिलानं कपाळ चोळलं. जजसाहेबांनी विचारलं,

"आणि या वेड्या बाईकडं नंबर विचारायला रोज कोण जातं?"

"बायको," भुजंग म्हणाला, आणि आपण काय म्हणालो ते त्याला तेव्हा कळलं.

दुपारी निकाल आला. आजारावर औषध घेणं म्हणजे वेड नव्हे, बाईंना आपला कारभार कळतो, अर्ज फेटाळला. शिवमूर्ती बाहेर येऊन म्हणाला, "बघा, मी म्हणलं होतं ना!"

"हाव. गोळ्या चुलीत टाका म्हणला होता," चतुराबाई म्हणाली आणि चालू लागली.

अहमदपूरची गाडी एकच, आणि ती गच्च. चतुराबाईशेजारची जागा तेवढी रिकामी होती. कोंडाबाई पुढं कुठंतरी घुसली. भुजंग दांडी धरून उभा राहिला.

"बसा की भाऊजी."

"न्हाई. हाय बरा."

"बराबर हाय. भ्या वाटतं म्हणून शपथेवर सांगून आलाव. बसलात तर शपथ खोटी व्हायची."

आजूबाजूचे हसले. कंडक्टरनं कुणाची शपथ ते विचारून घेतलं, आणि चाकूरपर्यंत सगळ्या गाडीला गोष्ट पाठ झाली. तीन जागा रिकाम्या झाल्या तरी भुजंग बसला नाही. गोळीच्या गुंगीनं चतुराबाईचा डोळा लागला होता. अहमदपूर आलं तेव्हा तो वाकून हळूच म्हणाला,

"वहिनी, झालं ते झालं. घरातलं घरात मिटवू. विहिरीचं कसं करायचं?"

चतुराबाई झटकन उठली नाही. आधी दांडी धरली, डोळ्यांपुढची अंधारी जाऊ दिली, मग दिराकडं नीट पाहिलं. याला आपण भ्यालो, याच्यापायी गोळ्या जाळल्या, याची तिला आता लाज वाटली.

"विहिरीचं काय करायचंय? भरायचं अन् जायचं. पर उद्यापासनं कोंडाबाईला धाडू नका. येड्या बाईपाशी लेकरांच्या मायला एकटं धाडतेत का? तुम्ही या. घागर घेऊन, बायांच्या रांगेत."

पहाटे तो आला. घागर डोक्यावर धरता येईना, म्हणून पोटाशी कवटाळून, मान खाली घालून, साऱ्या बायांच्या मागं उभा राहिला. पुढच्या पोरीनं त्याला टेकायला जागा केली.

"त्याला कशाला जागा देतीस?" काठावरून चतुराबाई म्हणाली. "पायानं धड हाय तो. काल लातूरपासनं उभाच आला."