पाटावरचं पिस्तूल

आमच्या घरी दसऱ्याला पाटावर काय असतं? माझी शिलाईची मोठी कात्री, विळी, यांचा पाना-पेचकस. हळद-कुंकू लावायचं, झेंडू वाहायचा, आणि दुसऱ्या दिवसापर्यंत पाटावरचं काही हलवायचं नाही. गिऱ्हाईक दारात येऊन बसो, मी त्या दिवशी कात्रीला हात लावत नाही. हा नियम मी लेकीच्या डोक्यात इतका बसवला की अमेरिकेत जाऊनही ती विसरली नाही.

यंदा आमची दसऱ्याची सकाळ, तिकडे आदली संध्याकाळ. व्हिडिओ कॉलवर दोन्हीकडे एकदमच पूजा झाली. मग तिनं फोन पाटाकडे वळवला. चाकू, जावयांचं ड्रिल मशीन आणि मधोमध काळं पिस्तूल! वर झेंडूचं फूल.

"हे काय वं?"

"शस्त्रपूजा आहे ना आई. खरं शस्त्र तर आमच्याकडेच निघालं," ती हसून राहिली होती.

मला कसलं हसू येतं? चार वर्षांची नात तिच्या मांडीवर बसलेली.

"काहून घेतलं हे? घरात लेकरू आहे, डोकं फिरलं का तुमचं?"

आता तिचाही आवाज चढला. शेजारच्या घरात भरदुपारी चोर घुसले होते. जावई कामासाठी सारखे बाहेरगावी. "तिथं मी ओरडली तर अख्खी गल्ली धावून येते. इथं कोणी पडदासुद्धा सारत नाही, आई. पोलीस येईपर्यंत काय करू, लाटणं घेऊन उभी राहू?"

तिची भीती खोटी नव्हती. मी इथं बसून कोणाला पाठवणार होते?

मागून हे बोलले, "सावनेरच्या मामाकडे होती ना बंदूक, रानडुकरांसाठी. निवडणूक आली की ठाण्यात जमा करा लागे. तेवढे दिवस मामी निवांत झोपे. म्हणे, डुकरं परवडली."

"बाबा, इथं माझ्या ऑफिसात अर्ध्या लोकांकडे आहे," जावई म्हणाले. "आमचंही तिजोरीतच असतं. काळजी करू नका."

"अन् आज रात्री?" मी विचारलं.

"आज पाटावरच," लेक म्हणाली. "उद्यापर्यंत हलवायचं नाही ना. तूच तर शिकवलं."

माझाच नियम, आणि तो पोरीनं मन लावून पाळला होता.

"चुलीत गेला तो नियम! उचल आधी ते!"

"अवं आई, रिकामं आहे."

"उचल म्हणते ना!"

बोलता बोलता नात मांडीवरून कधी उतरली, कोणाच्या ध्यानात नव्हतं. लेकीनं फोन टेकवून ठेवला, पिस्तूल उचललं आणि तशीच थांबली. नवऱ्याला म्हणाली, "आपण कुंकू वर नळीवर लावलं होतं ना?"

खाली चापावर कुंकवाचं इवलंसं बोट उमटलं होतं.

"आजी, मी पण पूजा केली," नातीनं बोट वर करून दाखवलं.

जावयांनी पिस्तूल हातात घेऊन उघडलं. आत गोळ्या होत्या. त्यांना वाटलं होतं हिनं काढल्या, हिला वाटलं होतं त्यांनी. ते तिथंच फरशीवर बसले. लेक पोरीचं बोट ओढणीनं पुसत राहिली. बोट केव्हाच स्वच्छ झालं होतं.

आता पिस्तूल तिजोरीत असतं, गोळ्या दुसऱ्या खोलीत. ते पिस्तूलच घरातून काढून टाका म्हटलं की लेक विषय बदलते. मीही मग फार ताणत नाही, ती एकटी असते तिथं. पण रोज कॉल लागला की मी आधी नातीला हात दाखवायला सांगते. ती दोन्ही तळवे कॅमेऱ्यापुढे धरते. तिला वाटतं, जेवायच्या आधी हात धुतले का ते आजी पाहते.