वाघिणीचं नाव

मोहफुलांचा गोड, डोकं जड करणारा वास आला की मला काकाचं अंगण आठवतं. पोंभुर्ण्याजवळच्या आमच्या गावात, पहाटे मोह वेचताना वाघिणीनं काकूला मारलं, त्याच्या दुसऱ्या दिवसाची ती सकाळ. काकूनंच वाळत घातलेली फुलं अंगणात तशीच पसरली होती आणि काका त्यांच्याजवळ बसला होता. त्याला वाचता येत नव्हतं. "पेपरात आलं म्हंते. वाच बरं बाई," म्हणाला. मी वाचलं. वाघिणीचं नाव होतं, तिच्या बछड्यांचं कौतुक होतं, पर्यटकांची ती कशी लाडकी तेही होतं. शेवटी एकच ओळ होती: मनाई असताना जंगलात घुसलेल्या महिलेचा मृत्यू. काका फुलांकडे बघत राहिला. "आपला मोह तं आपल्याच बांधावर हाय. मंग ते कोनाच्या घरात घुसली? अन् वाघिणीले नाव हाय, इचं काऊन नाई? पुन्हा वाचून पाय, असन कुठीतरी." मी पुन्हा वाचलं, आणि 'महिले'च्या जागी काकूचं पूर्ण नाव घेतलं. "आता बराबर," काका म्हणाला. त्या बातमीचं कात्रण त्यानं देवाजवळ ठेवलंय. आजही मोह पडायला लागला की तो ते माझ्यापुढं धरतो, आणि मी त्यात नसलेलं नाव वाचते.