अदलाबदलीचा शनिवार

आमच्या बाईइतकी हट्टी बाई हिंगोली जिल्ह्यात दुसरी झाली नाही, आणि हे मी तिच्या तोंडावर त्या रविवारीही म्हणालो होतो. सकाळचं ऊन खात आम्ही दोघं ओसरीवर तुरीच्या शेंगा सोलत बसलो होतो. शेंगेत अळी निघाली की मी चिरडायचो, ती उचलून अंगणात सोडायची. "काहून मारता? तिचं घर हाय ते." मी म्हणालो, "मंग भाडं घे तिच्याकडून." हसली. त्याच दाण्यांची आमटी केली, आम्ही जेवलो. दुपारी तिच्या छातीत कळ आली. शेजारच्या गोरेगावाहून दवाखान्याची जीप येईस्तोवर सगळं आटोपलं होतं.

बायकोला बाई म्हणतो, कारण ती गावच्या अंगणवाडीची बाई होती. सारं गाव बाई म्हणायला लागलं, तेव्हा मीच काय घोडं मारलंय, म्हणून मीही म्हणू लागलो. ती सातवी शिकलेली, मी दुसरीतून पळालेला. त्यामुळे शिकवणं तिच्याकडे आणि बैल माझ्याकडे, अशी आमची वाटणी होती. बैल शहाणे होते, तिची लेकरं मात्र तिनं पार बिघडवून ठेवली होती. नवं पोरगं आलं की ती विचारायची, "तू कोन?" पोरगं आडनाव सांगायचं, बापाचं नाव सांगायचं, कुणाचा नातू ते सांगायचं. बाई म्हणायची, "ते तुझ्या घरच्यायचं झालं. तुझं काय?" मग पोरगं डोकं खाजवून सांगायचं, मला टिटवीवानी वरडता येतं. झालं, पसंत. एकदा तालुक्याहून तपासणीला मॅडम आल्या आणि त्यांनी नावं विचारली. एकजण म्हणाला, मी टिटवीवाला. दुसरी म्हणाली, मी डाव्या हातानं जेवते ती. तिसरा म्हणाला, मी कुत्र्याला भेत न्हाई, पर कोंबडीला भेतो. मॅडमनी पेन बंद केलं आणि पाणी मागितलं.

पण तिचं खरं खूळ म्हणजे शनिवार. शनिवारी प्रत्येक लेकरानं दुसरं कुणीतरी व्हायचं. त्याच्या जागेवर बसायचं, त्याच्या नावाला ओ द्यायची, त्याला काय आवडतं, काय टोचतं ते त्याच्या वतीनं सांगायचं. अंगणवाडी सुटली की खेळ सुटायचा. एका शनिवारी तो सुटला नाही. आमची अंगणवाडी ज्या खोलीत भरायची, तिच्या मालकाचा नातू त्या दिवशी बुद्धवाड्यातल्या मजुराचा पोरगा झाला होता. तो सरळ त्या पोराच्या घरी गेला आणि चुलीपाशी मांडी घालून म्हणाला, "आज मी हितलाच हाय." त्या घरची माय वस्ताद. "हितला हाय व्हय? मंग उठ, आधी शेळीला पाला टाक. आमचं लेकरू टाकतं." त्यानं पाला टाकला, भाकर खाल्ली आणि पुन्हा मागितली. तिकडं तिचा पोरगा मालकाच्या ओसरीवर खाटेवर पाय पसरून म्हातारीला विचारून राहिला, "आजी, दुधावर साय काहून कमी हाय?"

संध्याकाळी मालक आमच्या दारात. "बाई, माझा नातू कुनाच्या चुलीपाशी जेवला, ठाव हाय का? खोली रिकामी करा." बाई म्हणाली, "करते की. पर आदी तुमी बाई व्हा अन् मी मालक होते." एवढं बोलून ती खाटेवर बसली, मिशीवरून फिरवावा तसा हात फिरवला आणि म्हणाली, "बोला बाई, एवढाली लेकरं आता कुठं नेऊन बसवता?" मी गोठ्यात पळालो, नाहीतर हसून मेलो असतो. जाताना मालक म्हणाले, "ऱ्हाऊ द्या खोली. पर एक दिवस जरी कुलूप दिसलं, तर मी माझा कडबा भरीन तिथं." तेव्हापासून त्या दाराला कामाच्या दिवशी कुलूप दिसलं नाही. अंगात ताप असला तरी ती जायची. लेकीच्या लग्नादिवशी सकाळी खोली उघडून, लेकरांना खाऊ घालून मग हळदीला बसली. मी कटकट केली तर म्हणायची, "ही लेकरं एकदा पांगली की आपापल्या गल्लीत बसतील. मंग एका वळीत कोन आनंल? तुमी?"

मलाही तिनं सोडलं नाही. एका सुट्टीत म्हणाली, आज तुमी मी. मी दिवसभर पाणी आणलं, शेण काढलं, भाकरी थापली. ती भाकर तव्यावर कमी आणि चुलीत जास्त गेली. ती माझ्या जागेवर जेवायला बसली, घास घेतला आणि हुबेहूब माझ्या आवाजात म्हणाली, "मीठ काय सासऱ्याच्या घरी ठिवलं का?" त्यानंतर आमच्या घरात मिठाचा विषय कायमचा मिटला.

त्या रविवारी दिवस मावळायच्या आत आम्ही तिला पोचवून आलो. सोमवारी सकाळी मी चप्पल घातली तशी माझी बहीण आडवी आली. "सुतक हाय. कुठं निघाला? कोनी शिवनार न्हाई तुला." मी म्हणालो, "मी न्हाई गेलो तर खोलीला कडबा शिवंल."

जाऊन खोली उघडली. लेकरं आली. त्यांच्या माया लांब, लिंबाखाली थांबल्या. मालकही काठी टेकून उभे होते. मला ना गाणं येतं ना गोष्ट. भिंतीला टेकून बसलो आणि म्हणालो, "पोरायहो, मला शिवू नका."

"काहून?" एका बारक्या पोरीनं विचारलं.

"घरातलं मानूस गेलं की शिवत न्हाईत."

पोरीनं जरा विचार केला. "मंग तर तुमी एकलेच बसान की," असं म्हणून ती माझ्या मांडीला टेकून बसली. तिचं बघून दुसरं आलं, मग मालकाचा धाकटा नातू आला, मग सगळीच आली. मी लिंबाकडं बघितलं. आता कुणीतरी हाक मारणार, लेकरं उठणार आणि खोली गेलीच, असं वाटलं. कुणी हाक मारली नाही. मालक काठीच्या टोकानं मातीत रेघा ओढत राहिले.

खाऊची वेळ झाली. सुतकाच्या हातचं खात नाहीत आणि दोन्ही हात तर लेकरांनी धरून ठेवलेले. मी पायानंच सुकडीचा डबा मधोमध ढकलला आणि म्हणालो, "घ्या आपापल्या हातानं." सगळ्यांचे हात एकदमच डब्यात गेले.