अध्यक्षांचा अर्धा खडू

अध्यक्षांनी शर्टाच्या खिशातून खडू काढायचा, दोन्ही अंगठ्यांनी कट्‌कन मोडायचा आणि अर्धा समोरच्याच्या हातावर ठेवायचा. "बोलू, बोलू. आधी पाठ घ्या, मग मीटिंग." आमच्या जिल्हा मुख्याध्यापक संघाच्या कार्यकारिणीची प्रत्येक बैठक अशीच सुरू व्हायची.

संघटनांचे अध्यक्ष तुम्हीही पाहिले असतील. कडक इस्त्री, हातात दोन मोबाइल आणि भाषणाला उभे राहिले की खाली बसायचं नाव नाही. आमचे अध्यक्ष तसले नव्हते. उंच, किडकिडीत माणूस. कान जरा जास्तच मोठे. पांढऱ्या शर्टाचा खिसा कायम खडूच्या भुकटीनं माखलेला. झरीच्या बाजूला एका जिल्हा परिषद शाळेत ते मुख्याध्यापक होते आणि जिल्हाभर एसटीनं फिरायचे. सगळे त्यांना 'अध्यक्ष' म्हणायचे, घरी बायकोसुद्धा. "अध्यक्ष, दळण आणा," हे मी माझ्या कानांनी ऐकलेलं आहे.

मी कार्यकारिणीवर कशी आले, तर त्यांना एक बाई पाहिजे होती आणि पालम तालुक्यातलं एक माणूस पाहिजे होतं. माझ्यात दोन्ही कामं भागली. पालमच्या पलीकडे एका वस्तीवर माझी शाळा. चार वर्ग आणि शिक्षक एकच, म्हणजे मीच. मुख्याध्यापकही मीच. रजेचा अर्ज मीच करायचा आणि मीच स्वतःवर डोळे वटारायचे. असा कारभार.

पहिल्या बैठकीला मी चांगली साडी नेसून, मुद्दे तोंडपाठ करून गेले होते. आमच्या बैठका कचेरीत होत नसत. दर वेळी कार्यकारिणीतल्या एकाची शाळा. तिथं पोचल्यावर प्रत्येक सदस्यानं एकेका वर्गावर जाऊन पाठ घ्यायचा आणि नंतर त्या वर्गातल्या पोरांनी गुरुजींना शेरा द्यायचा. एरवी साहेब येऊन आम्हाला शेरे देतात. इथं पोरं देणार! ही पद्धत अध्यक्षांनीच पाडली होती.

"ओ अध्यक्ष, माझं काम आता निम्मं ऑनलाइन झालंय, शिकवायची सवय ऱ्हायली न्हाई," असं कुणी कुरकुरलं की ते अर्धा खडू पुढं करायचे. "म्हणून तर म्हणायलोय, घ्या."

पोरं काही भीड ठेवत नसत. एका ज्येष्ठ मुख्याध्यापकांना तिसरीतल्या मुलीनं उभं राहून सांगितलं, "ह्ये गुरुजी लय ओरडायलेत, पर गोष्ट बरी हाय." अध्यक्ष स्वतः नेहमी पहिलीचा वर्ग घ्यायचे. त्यांना मिळालेला शेरा असा: "गुरुजी चांगले हायत. कान लय मोठे हायत." हा शेरा ते पुढं वर्षानुवर्षं प्रत्येक नव्या सदस्याला अभिमानानं ऐकवत आले.

आणि गंगाखेडचे आमचे चिटणीस! त्यांची गोष्ट सांगितल्याशिवाय पुढं जाताच येत नाही. एका परक्या शाळेत ते चौथीवर गेले. सवयच अशी की खुर्चीजवळ उभे राहिले, डोळे मिटले आणि स्वतःच्या शाळेची हजेरी पाठ म्हणायला लागले. "समाधान?" पोरांनी एकमेकांकडं पाहिलं आणि सगळा वर्ग ओरडला, "हजर सर!" "ऋतुजा?" "हजर सर!" एका नावाला तर मागच्या बाकावरून उत्तर आलं, "ते मामाच्या गावाला गेलंय, सर." चिटणीस डोळे मिटूनच म्हणाले, "आल्यावर पालकांना घेऊन ये म्हणावं." अध्यक्ष दारात उभे होते. हसून हसून त्यांना चौकट धरावी लागली.

हसण्याचे दिवस होते, पण माझ्या डोक्यात वेगळीच चिंता होती. पालमहून इंग्रजी शाळेची पिवळी बस वस्तीजवळच्या रस्त्यापर्यंत येणार, अशी बोलणी सुरू झाली होती. जूनपासून लेकरं बसमध्ये घालायची, असं वस्तीवरच्या पालकांच्या मनात होतं. लेकरं गेली की शाळा बंद. मग माझी बदली कुठंही होईल, त्याचं एवढं नाही. पण ज्यांना बसची फी झेपणार नव्हती त्या घरच्या पोरींचं काय? त्या घरी बसणार होत्या, हे मला लख्ख दिसत होतं.

दिवाळीनंतरच्या बैठकीत मी हे मांडलं. लगेच सूचना आल्या. निवेदन द्या. ठराव घ्या. वरच्या साहेबांना भेटा. अध्यक्ष कानामागं खडू खोवून ऐकत होते.

"पुढची मीटिंग मॅडमच्या शाळेत," ते म्हणाले. "अन् मॅडम, पालकांलाबी बोलवा. सगळ्यांला."

अहो, काय दिवस होता तो! वस्तीवर एवढे मास्तर एकदम कुणी पाहिले नव्हते. दोन वर्ग खोलीत, एक व्हरांड्यात, एक लिंबाखाली. चिटणिसांनी ओढ्यातले गोटे आणून भागाकार शिकवला. हजेरी मात्र त्यांना कुणी घेऊ दिली नाही. अध्यक्ष पहिलीतल्या लेकरांबरोबर जमिनीवर मांडी घालून बसले आणि प्रत्येक अक्षराला एकेका जनावराचा आवाज काढायला लागले. 'म'ला म्हैस आली तेव्हा खरी म्हैससुद्धा बाहेरून ओरडली. पालक मागं सतरंजीवर बसून बघत होते, बायका पदर तोंडाला लावून हसत होत्या. मला वाटलं, जिंकलो आपण.

शेरे द्यायची वेळ आली. अध्यक्ष म्हणाले, "आज पोरांबरोबर मोठ्यांनीबी द्यायचा. बोला."

भागीरथीमामी उठल्या. त्यांची तीन नातवंडं माझ्या शाळेत होती आणि वस्तीवर त्यांच्या शब्दाला वजन होतं. मामी गेल्या तर सगळी वस्ती त्यांच्या मागं जाणार, हे मला पक्कं ठाऊक होतं.

"शिकवनं झ्याक हाय," मामी म्हणाल्या. "म्याडमबी चांगल्या हायत. पर मधूनच शाळेला कुलूप असतंय. लेकरं दप्तर घेऊन येतेत अन् माघारी जातेत. म्याडम कुठं गेल्या, तर मीटिंगला. बस रोज येती म्हणं. तिला कुलूप लागत न्हाई."

"कोणती मीटिंग, मामी?" अध्यक्षांनी विचारलं.

"ही काय! तुमचीच!"

सगळे मुख्याध्यापक आपापल्या चपलांकडं बघायला लागले. बाकीच्यांच्या शाळेत मागं दुसरे शिक्षक असतात. माझ्या मागं कोण? शेजारच्या गावी निरोप द्यायचे, तिथलं कुणी मोकळं असलं तर यायचं, नसलं तर कुलूप. शाळा वाचवायच्या गप्पा मारायला आम्ही मला बोलवत होतो आणि तेवढ्यासाठी शाळा बंद राहत होती. अध्यक्षांचे ते मोठे कान लालबुंद झाले.

मग ते उठले. "शेरा मंजूर. मामी, आजपासून शाळेच्या वेळेत या दाराला कुलूप लागणार न्हाई. मॅडम मीटिंगला आल्या तर आमच्यातलं एक माणूस इथं असंल."

"अन् कोणी न्हाई आलं तर?"

"तर मी येईन."

"अध्यक्षच इकडं आल्यावर मीटिंग कोण घेईल?"

"मीटिंग काय, खुर्च्याबी घेतेत!" वस्ती खदखदून हसली. मामी हसल्या नाहीत.

"जूनपर्यंत बघते," त्या म्हणाल्या. "एक दिवस जरी कुलूप दिसलं, तर लेकरं बसमधी."

त्या दिवसापासून आमच्या कार्यकारिणीला नवीनच काम लागलं. मी कुठं बैठकीला, प्रशिक्षणाला निघाले की एक मुख्याध्यापक स्वतःची रजा टाकून पालमची एसटी धरायचा. कुणाला गाडी चुकायची, कुणी वस्तीचा फाटा सोडून पुढंच उतरायचा आणि रानातून धापा टाकत यायचा. पण दार उघडायचं. पोरांची चैनच झाली. "म्याडम, तुमी परत कधी जाणार?" असं मला तोंडावर विचारायला लागली. घ्या! चिटणिसांनी तर माझ्या पोरांची नावं पाठ केली आणि मग गंगाखेडला स्वतःच्या वर्गात तीच घेऊ लागले.

उन्हाळ्याच्या तोंडाशी अध्यक्ष निवृत्त झाले. संघानं परभणीत निरोपाचा मोठा कार्यक्रम ठरवला. सूत्रसंचालन माझ्याकडं. फेटा आणा, पाहुणे बोलवा, हार सांगा, या सगळ्या धावपळीत एक गोष्ट कुणाच्याच ध्यानात आली नाही. सगळेच कार्यक्रमाला येणार, मग माझ्या शाळेवर कोण? आदल्या संध्याकाळी निवेदन घोकता घोकता मला ते आठवलं. मी अध्यक्षांनाच फोन लावला.

"सर, मी उद्या येत नाही. शाळेला कुलूप लागेल."

"सूत्रसंचालन कोण करंल मग? मी करू का, माझ्याच निरोपाचं?"

"पण शाळेवर कुणीच नाही, सर!"

"पाठवतो की कोणालातरी. एक रिकामा मास्तर हाय माझ्या ओळखीत. तुमी बिनघोर या."

मी बावळट, खरंच बिनघोर गेले.

सभागृह भरलं. पाहुणे आले. मधली खुर्ची रिकामी. कुणी म्हणालं, एसटी उशिरा असेल. कुणी म्हणालं, दारात फोटो काढत असतील. तेवढ्यात त्यांच्या पत्नी एकट्याच आत आल्या आणि सरळ त्या खुर्चीशेजारी जाऊन बसल्या.

"वहिनी, अध्यक्ष कुठं हायत?" चिटणीस धावले.

"सकाळच्या पालमच्या गाडीनं गेले. डबाबी नेलाय," वहिनी शांतपणे म्हणाल्या. "म्हणले, आधी पाठ, मग मीटिंग."

चिटणिसांनी फोन लावला आणि माइकसमोर धरला. आधी नुसता लेकरांचा गलका ऐकू आला.

"ओ अध्यक्ष! पाहुणे येऊन बसलेत! सत्कार हाय तुमचा!"

"पाहुण्यांला चहा द्या. माझी पहिली चालू हाय." आणि मागून एका बाईचा आवाज आला, "कोन हाय? ठेवा म्हनावं फोन. लेकरं रंगात आलीत." तो आवाज भागीरथीमामींचा होता.

सगळं सभागृह टाळ्या वाजवायला लागलं. मी माइक धरून उभी. मला हसू आवरेना आणि रडूही आवरेना. या माणसावर माझा किती जीव आहे, ते मला त्या क्षणी कळलं. शेवटी फेटा वहिनींना बांधला. त्यांनी भाषण केलं, तेही दोनच वाक्यांचं. "मीबी शेरा देते. बाहेर लय चांगले हायत, घरी दळण आणायचं विसरतेत."

दुसऱ्या दिवशी सकाळी मी शाळेत पोचले तर मामी पायरीवर बसलेल्या.

"शेरा देऊ का, म्याडम?"

"द्या, मामी."

"बसवाल्याला सांगितलं. आमच्या वस्तीवर थांबू नको म्हणलं."

मी मामींना मिठीच मारली. त्या नको नको म्हणत राहिल्या.

आता संघाला नवे अध्यक्ष आहेत. खडू मोडायची पद्धत त्यांनी ठेवली आहे, अजून नीट मोडता येत नाही त्यांना. जुने अध्यक्ष बैठकीला कधीच नसतात, कारण माझी बैठक असली की ते माझ्या शाळेवर असतात. त्यामुळं आमची भेट म्हणून होत नाही. मी असते तेव्हा ते नसतात, ते असतात तेव्हा मी नसते. बैठकीच्या आदल्या दिवशी घरी निघताना मी टेबलावर एक नवा, अख्खा खडू ठेवून जाते. परत येते तेव्हा त्यातला अर्धा माझ्यासाठी ठेवलेला असतो.