पेणहून आलेला बेडूक

आमच्या ह्यांचा जीव माझ्यापेक्षा एका बेडकात जास्त आहे, हे मला लग्नानंतरच्या दुसऱ्याच पावसाळ्यात कळलं. बेडूकही काही देखणा नाही. अंगठ्याएवढा, खरखरीत, कातळाच्याच रंगाचा. किहीमच्या आमच्या वाडीमागे डोंगर आहे. त्याच्या सड्यावर, म्हणजे माथ्यावरच्या सपाट कातळावर, ओंजळभर पाण्याची डबकी साचतात, त्यांतच हा अंडी घालतो. विहिरीत नाही, ओढ्यात नाही, आमच्या नारळांच्या आळ्यांत तर नाहीच. एवढे नखरे माझ्या सासूबाईंचेही नव्हते.

हे शाळेत विज्ञान शिकवायचे. निवृत्त झाले आणि सडा बंगल्यांच्या प्लॉटसाठी विकणार असं कानावर आलं. झालं! रोज ग्रामपंचायतीत हजर. "दुसरीकडे कुठेही मला हा बेडूक दिसलेला नाही. सडा गेला की हा संपला," एवढंच पालुपद. लोक ह्यांना बघून वाट बदलू लागले. मीही बदलली असती, पण आमची वाट एकच घरी जाणारी.

शेवटी गाव विरघळलं. सडा विकायचा नाही, बेडूक वाचवायचा, असं ठरलं. त्या दिवशी ह्यांनी चक्क कारल्याची भाजी दोनदा मागून घेतली. पण आमच्या गावाने एखादी गोष्ट मनावर घेतली की आधी तिची मूर्ती येते. पेणच्या मूर्तिकाराला सांगितलं. ऐन आषाढ, कारखाना गणपतींनी भरलेला. त्यातून वेळ काढून त्याने फायबरचा बेडूक केला.

टेम्पो आला तेव्हा मूर्तीच्या तोंडावर रुमाल होता. पेणहून मूर्ती उघड्या तोंडाने आणतात का कुणी? सवयीने कोणीतरी "मोरया" ओरडलं, ढोल सुरू झाला, आणि मी, विज्ञानशिक्षकाची बायको, भाकरीचा तुकडा ओवाळून टाकून, मूर्ती उतरवणाऱ्याच्या पायांवर पाणी घालून मोकळी झाले. रुमाल काढला. तीन फुटी बेडूक, सुटलेलं पोट, अर्धे मिटलेले कृपाळू डोळे आणि पुढचा उजवा पाय आशीर्वादाला वर. सोंड तेवढी राहिली होती. "बेडकाला भुवया नसतात," हे पुटपुटले, पण आतून खूश होते. मला हसू आवरेना.

मिरवणूक सड्यावर चढली. हे सगळ्यांच्या पुढे, धापा टाकत ओरडत होते, "डबक्यांत पिल्लं आहेत, जपून पाय टाका." वर पोचलो तर फिनेलचा भपकारा आला. हे पहिल्या डबक्याशी खाली बसले. पाणी दुधासारखं पांढरं झालं होतं. कडेला मोहरीएवढी पिल्लं तरंगत होती, एकही हलत नव्हतं.

"काय केलंत हे?"

"साफसफाई, सर," गावच्या गणपती मंडळाचा अध्यक्ष छाती काढून म्हणाला. "तालुक्यावरून पाहुने येनार. त्यांना डास चावाया नको म्हनून सगल्या डबक्यांत फिनेल टाकलाय."

ह्यांच्या तोंडाकडे बघून त्याला समजलं. मागे ढोलवाल्याला काहीच समजलं नव्हतं, तो वाजवतच होता. मला असा संताप आला की ती मूर्ती उचलून डोंगरावरून ढकलून द्यावी. पण अध्यक्षाचे डोळे भरले होते. बिचाऱ्याने पहाटेपासून राबून सगळं मनापासून केलं होतं, त्यामुळे त्याला शिव्या घालायचीही सोय राहिली नाही.

"सर," तो हळूच म्हणाला, "मूर्ती तरी हाय ना."

मूर्ती बसवली. आता तिच्याबरोबर फोटो काढायला मुंबईच्या गाड्या थेट सड्यावर येतात, आणि उरलीसुरली डबकी चाकांखाली जातात. यंदा आषाढभर हे रोज संध्याकाळी कातळावर जाऊन बेडकांच्या आवाजाची वाट बघत बसले. एकदाही आवाज आला नाही. एका रविवारी मी सोबत होते. फोटो काढून झाल्यावर एका बाईंनी ह्यांना विचारलं, "काका, खरा बेडूक कुठे बघायला मिळेल?"

बेडकाचं नाव काढलं की तासभर न थांबणारा हा माणूस. त्यांनी मूर्तीकडे बोट दाखवलं.

"हाच," म्हणाले.

त्यांना चुकीचं उत्तर देताना मी जन्मात पहिल्यांदा पाहिलं.